एवढं सोनं कशाला? जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये पडणारे प्रश्न

गोवा दर्शनाची बस मंगेशी आणि शांतादुर्गा करून जुन्या गोव्याला थांबते. माणसं बॉम जीझस बॅसिलिकाच्या दारातून आत शिरतात. बाहेरच्या उन्हामुळे क्षणभर काही दिसत नाही आणि मग समोरची सोनेरी वेदी नजरेत भरते. पुढचे उद्गार साधारण ठरलेले असतात. 'बाप रे, किती किलो सोनं असेल?' हा पहिला. 'एवढ्या पैशांत किती गरिबांची पोटं भरली असती,' हा दुसरा. एखादं मूल क्रुसाकडे बोट दाखवून विचारतं, 'याला एवढं का मारलंय?' काहीजण काहीच बोलत नाहीत. चपला बाहेर काढायच्या का तेवढं विचारतात आणि हात जोडतात. एखादे काका मात्र खालच्या आवाजात म्हणतात, 'आपली देवळं पाडून उभं केलंय हे सगळं.'

यातलं एकही वाक्य वेडगळ नाही. पहिल्या उद्गारातला अचंबा बांधणाऱ्यांना हवाच होता. तो उठावा म्हणून त्यांनी विचारपूर्वक मेहनत घेतली. मुलाला वाटणारी अस्वस्थताही त्यांच्या हिशेबात होती. गरिबांचा प्रश्न तर खुद्द चर्चमधलेच लोक नऊशे वर्षं विचारत आलेत. काकांचं वाक्य मात्र गोव्याचं स्वतःचं आहे आणि त्याला सगळ्यात लांब उत्तर द्यावं लागतं.

आधी सोनं.

वेदीमागचा तो उंच डोलारा सोन्याचा नाही, लाकडाचा आहे. लाकूड खोलवर कोरायचं आणि त्यावर सोनं चढवायचं ही पोर्तुगीजांची लाडकी कला, आणि गोव्यात तिला कसलेले हात मिळाले. कोरलेल्या लाकडावर आधी खडूची पूड आणि जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस यांचे एकावर एक थर देतात. ते घासून गुळगुळीत करतात. त्यावर तांबूस चिकणमातीचा पातळ हात फिरवतात, तो ओलसर करून सोन्याचा वर्ख अलगद टेकवतात आणि वाळला की अकीक दगडाने घोटतात. खालच्या तांबूस थरामुळे सोनं फिकट न दिसता उबदार दिसतं. जुन्या वेदीवर जिथे वर्ख झिजलेला असतो तिथे हा लाल रंग डोकावतो. पुढच्या वेळी शोधा, सापडेल.

आता हिशेब. आजचा सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. एक ग्रॅम सोन्यात साधारण अर्धा चौरस मीटर जागा झाकली जाते. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर पाच चौरस मीटर. जुन्या काळचा वर्ख यापेक्षा थोडा जाड असे, तरी एखादी मोठी वेदी मढवायला बघणाऱ्याला वाटतं त्याच्या मानाने फारच थोडं सोनं लागतं. खरा पैसा जातो तो सुतार, मूर्तिकार आणि वर्ख लावणाऱ्यांच्या महिनोन्महिन्यांच्या मजुरीत. म्हणजे आपण ज्याला सोनं म्हणून दिपतो ते बरंचसं कष्ट असतात.

हे सगळं मेणबत्तीच्या उजेडासाठी घडवलेलं आहे हेही ध्यानात ठेवायला हवं. घोटलेल्या सोन्याच्या वळणावळणांवर हलती ज्योत पडली की भिंत जिवंत वाटते. आज तिथे विजेचे दिवे लावलेले असतात, त्यात सगळं एकसारखं झळकतं आणि निम्मी जादू जाते. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत उरलेली निम्मीही जाते. बॉम जीझसच्या बाजूच्या भिंती नीट पाहिल्या तर त्या साध्या पांढऱ्या आहेत, छतही लाकडी आहे. झगमगाट सगळीकडे नाही. नजर जिथे जायला हवी तिथेच तो ठेवलाय.

पण नजर तिथेच का जायला हवी? बहुतेक पाहुण्यांचं बघायचं राहतं ते नेमकं हेच. आपल्याला वाटतं, सोनं मूर्तीसाठी आहे. कॅथलिक माणसाच्या दृष्टीने चर्चमधली सगळ्यात मोलाची वस्तू मूर्ती नसते. वेदीवर एक छोटी कुलूपबंद पेटी असते, जवळ एक दिवा तेवत असतो. मिसाच्या, म्हणजे सामूहिक उपासनेच्या, वेळी अभिमंत्रित केलेली भाकर त्या पेटीत ठेवतात. ती भाकर म्हणजे ख्रिस्ताचं प्रतीक नव्हे, प्रत्यक्ष ख्रिस्त आहे अशी त्यांची श्रद्धा. म्हणून जुनी कॅथलिक माणसं आत आल्यावर गुडघा टेकतात तो पुतळ्यासमोर नाही, त्या पेटीसमोर. एकदा हे कळलं की वेदीची सगळी रचना राजसिंहासनासारखी का आहे ते उलगडतं. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी १५७७ मध्ये चर्च कसं बांधावं याची तपशीलवार नियमावली काढली, त्यात ही पेटी मुख्य वेदीवर ठेवावी असं सांगितलं होतं. तोवर ती अनेक ठिकाणी बाजूच्या कपाटात असे.

बोरोमेओंना हे इतकं आग्रहाने सांगावं का लागलं? त्यासाठी साठ वर्षं मागे जायला हवं.

१५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर नावाच्या संन्याशाने पंचाण्णव मुद्दे मांडले. रोममध्ये सेंट पीटर्सचं नवं चर्च उभं राहत होतं आणि त्याच्या खर्चासाठी जर्मनीत पापाची शिक्षा माफ करणारी पत्रं विकली जात होती. ल्यूथरचा शहाऐंशीवा मुद्दा आजच्या पर्यटकाच्या तोंडी शोभेल असा आहे: पोप एवढा श्रीमंत आहे तर तो गरीब भाविकांच्या पैशांऐवजी स्वतःच्या पैशांनी हे एक चर्च का बांधत नाही? ल्यूथरचा स्वतःचा चित्रांवर फारसा राग नव्हता, पण त्याच्या मागून आलेल्यांचा होता. १५२४ मध्ये झ्युरिक शहरातल्या चर्चमधून मूर्ती आणि चित्रं काढून टाकली आणि भिंतींना चुना फासला. १५६६ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चमध्ये घुसून मूर्ती फोडल्या. मूर्तिभंजन म्हटलं की आपल्याला आपल्याच इतिहासातल्या घटना आठवतात. युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती मूर्ती इतक्या मोठ्या प्रमाणावर फोडल्या हे फारसं आठवत नाही.

रोमचं उत्तर ट्रेंट गावी भरलेल्या धर्मपरिषदेतून आलं. ती १५४५ ते १५६३ अशी अठरा वर्षं, मध्ये बराच काळ बंद पडत चालली. अगदी शेवटच्या बैठकीत, डिसेंबर १५६३ मध्ये, मूर्तींबद्दलचा ठराव झाला. चित्रं आणि मूर्ती राहतील; त्यांना दिलेला मान मूर्तीला नाही, ती ज्याची आहे त्याला पोचतो; मूर्तीत काही दैवी शक्ती आहे असं मानायचं नाही; त्यांतून लोकांना शिकवावं; कामुक सौंदर्य टाळावं; वेगळी, नवी प्रतिमा बिशपच्या परवानगीशिवाय लावू नये. बस. सोनं वापरा, लोकांना दिपवा, असं त्या ठरावात कुठेही नाही. ठराव कोरडा आहे, थोडा घाबरटही. पुढे जे भडक, उसळतं, भावनांना हात घालणारं बरोक शैलीतलं चर्च आलं, ते अशा सावध ठरावातून निघालं हे मला नेहमी आश्चर्याचं वाटतं. 'चित्रं चालतील' एवढी मुभा मिळाली आणि कलाकारांनी ती आकाशापर्यंत नेली.

यात जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचा वाटा मोठा. १५४० मध्ये पोपने मान्यता दिलेल्या या संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी ध्यानाची एक पद्धत घालून दिली होती. बायबलमधला प्रसंग नुसता वाचायचा नाही, डोळ्यांसमोर उभा करायचा. जागा कशी आहे, वाट किती अरुंद आहे, आवाज कोणते येताहेत, वास कसला आहे. नरकाचं ध्यान करतानाही आगीची धग आणि गंधकाचा वास मनाने घ्यायचा. पाचही इंद्रियं कामाला लावायची. अशा माणसांनी चर्च बांधलं तर ते डोळे, कान, नाक सगळ्यांना गाठणारच. धूप, घंटा, गाणं, उंचावरून येणारा उजेड, सगळं एका वेळी.

जेझुइटांचं मुख्य चर्च म्हणजे रोममधलं जेझू. १५६८ मध्ये काम सुरू झालं, १५८४ मध्ये चर्च वाहिलं गेलं. आत एकच रुंद दालन, मध्ये खांबांची अडचण नाही. कुठूनही वेदी दिसावी आणि प्रवचन ऐकू यावं. जगभर याच्या नकला झाल्या. त्याच्यानंतर दहा वर्षांनी, १५९४ मध्ये, गोव्यात बॉम जीझसची पायाभरणी झाली आणि १६०५ मध्ये ते पूर्ण झालं. तेही जेझुइटांचंच, आणि आतून तसंच एका दालनाचं. जेझू मात्र सुरुवातीला बऱ्यापैकी साधं होतं. त्याच्या छतावरचं प्रसिद्ध चित्र, ज्यात माणसं चौकटीतून बाहेर सांडताहेत असं वाटतं, ते गाउलीने १६७० च्या दशकात रंगवलं.

रोमला गेलेल्यांनी या दृष्टिभ्रमाच्या खेळांची मजा जरूर घ्यावी. जवळच संत इग्नेशियसचं चर्च आहे. तिथे घुमट बांधायचा राहिला, म्हणून आंद्रेआ पोझ्झो या जेझुइट बंधूने १६८५ मध्ये कापडावर घुमट रंगवून तो छताला लावला. फरशीवर संगमरवराची एक गोल खूण आहे. तिच्यावर उभं राहून वर पाहिलं की घुमट खरा वाटतो. चार पावलं बाजूला सरकलात की तो कलंडतो. नुसतं वर बघत ओलांडून जाणाऱ्याला यातलं काही कळत नाही.

सेंट पीटर्समध्ये उलटा अनुभव येतो. तिथे सगळं इतकं प्रमाणात आहे की आत शिरल्यावर ते मोठं वाटतच नाही. आतली लांबी साधारण १८६ मीटर आहे; जमिनीवर पितळी अक्षरांत जगातली इतर मोठी चर्चं कुठवर पोचली असती त्याच्या खुणा आहेत. दाराजवळ पवित्र पाण्याची भांडी धरलेली गुबगुबीत बाळं दिसतात. जवळ गेल्यावर कळतं की ही बाळं आपल्यापेक्षा उंच आहेत. घुमटाच्या खालच्या पट्ट्यावरची अक्षरं सुमारे दोन मीटर उंचीची. मुख्य वेदीवरचं बर्निनी या शिल्पकाराचं काशाचं छत्र, पीळदार खांबांवर उभं, सुमारे २९ मीटर म्हणजे नऊ-दहा मजली इमारतीएवढं. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८६७ मध्ये तिथे गेला तेव्हा त्याचीही हीच फसगत झाली. लांब छत्रापाशी गेलेला माणूस शाळकरी पोराएवढा दिसला तेव्हा कुठे त्याला आकार उमगला. मोठेपणा कळण्यासाठी शेजारी माणूस लागतो. म्हणून गर्दीला नावं ठेवू नका.

अचंब्याचं टोकही नोंदलेलं आहे. फ्रेंच लेखक स्तांदाल १८१७ मध्ये फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधून बाहेर पडला तेव्हा त्याची छाती धडधडत होती आणि आपण पडू असं त्याला वाटलं. पुढे फ्लॉरेन्समधल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी कलाकृती बघून गांगरलेल्या पर्यटकांच्या अवस्थेला त्याचंच नाव दिलं. वैद्यकाच्या अधिकृत यादीत तो आजार नाही. उन्हात दिवसभर रांगा लावल्या की कुणालाही गरगरेल, असं म्हणणारेही आहेत.

आता मुलाचा प्रश्न: याला एवढं का मारलंय?

क्रुसावरचा ख्रिस्त, बाणांनी भोसकलेला सेबॅस्टियन, ताटात स्वतःचे डोळे घेऊन उभी लुसी. आपल्याकडे देवांच्या हातात शस्त्रं असतात, पण जखमा सहसा शत्रूला होतात. इथे जखमा पूज्य व्यक्तीच्याच अंगावर. ख्रिस्ती श्रद्धेचं केंद्रच ते आहे: देव माणूस होऊन आला, आणि त्याने दुःख टाळलं नाही, सोसलं. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ही वेदना अगदी उघडपणे, रक्ताच्या ओघळांसह दाखवायची परंपरा होती, आणि गोव्यात तीच आली. संतांच्या हातातल्या वस्तूंचं म्हणाल तर त्या आपल्या देवांच्या आयुधांसारख्याच ओळखीच्या खुणा आहेत. सुदर्शनावरून विष्णू ओळखावा तसा किल्ल्यांवरून पीटर, आणि काटेरी चाकावरून कॅथरीन. बॉम जीझससमोरच्या से कॅथेड्रलच्या मुख्य वेदीवर कॅथरीनची कथाच कोरलेली आहे. आफोन्सो द आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, गोवा जिंकला म्हणून ते चर्च तिला वाहिलं. सोनेरी वेदीवर संताची कथा आणि तिच्यामागे एका लढाईची तारीख. गोव्यात हे दोन धागे सुटे करता येत नाहीत.

वेदना आणि आनंद यांची सरमिसळ सगळ्यांनाच झेपते असंही नाही. रोमच्या सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया चर्चमध्ये बर्निनीने घडवलेली संत तेरेसा आहे. देवदूत हृदयात सोन्याचा बाण खुपसतो, वेदना असह्य होते आणि ती संपू नये असंही वाटतं, हा अनुभव तिने स्वतः लिहून ठेवला होता. बर्निनीने तो संगमरवरात उतरवला, वर एक लपवलेली खिडकी ठेवली आणि उजेड सोनेरी किरणांवर पाडला. अठराव्या शतकात शार्ल द ब्रॉस हा फ्रेंच प्रवासी ते बघून म्हणाला, दैवी प्रेम हेच असेल तर ते मला ठाऊक आहे. तेव्हापासून तीनशे वर्षं लोक त्या मूर्तीसमोर एक तर डोळे पुसतात किंवा गालात हसतात. लोयोला, गोव्याचा फ्रान्सिस झेवियर आणि ही तेरेसा, तिघांनाही १२ मार्च १६२२ या एकाच दिवशी संत घोषित केलं.

गरिबांच्या प्रश्नाकडे येऊ. तो ल्यूथरच्याही आधीचा आहे. सुमारे ११२५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेर्व्होच्या मठाधिपती बर्नार्डने एका पत्रात टीका केली: चर्च आपल्या दगडांना सोन्याने मढवतं आणि आपल्या लेकरांना उघडं ठेवतं. त्याचं निरीक्षण मार्मिक होतं. सोन्यात मढवलेले संतांचे अवशेष बघून लोकांचे डोळे दिपतात आणि पिशव्या सुटतात. पैसा पैशाला ओढतो. आणि अशा जागी माणसं प्रार्थनेपेक्षा दान अधिक करतात. हे वाचताना आपल्याकडची काही श्रीमंत देवस्थानं डोळ्यांसमोर आली तर तो योगायोग नव्हे. बर्नार्ड स्वतः पुढे संत झाला. त्याचा राग मुख्यतः संन्याशांच्या मठांवर होता. सामान्य लोकांत काम करणाऱ्या बिशपांना त्याने थोडी सूट दिली, कारण त्या लोकांना भक्तीकडे वळवायला डोळ्यांना दिसेल असं काही लागतं हे त्यालाही मान्य होतं.

त्याच काळात पॅरिसजवळच्या सां-दनीचा मठाधिपती सुजे अगदी उलट वागत होता. त्याने ११४० च्या सुमारास आपलं चर्च नव्याने बांधलं, रंगीत काचा, रत्नं, सोनं वापरलं आणि दरवाजावर ओळी कोरून घेतल्या. त्यांचा आशय असा, की सोन्याचं आणि खर्चाचं नवल करू नका, कारागिरीचं करा. जड मन जड वस्तूंच्याच आधाराने सत्याकडे चढतं. दोघेही सच्चे होते आणि दोघेही अजून जिंकलेले नाहीत. माझा कल विचाराल तर बर्नार्डचा प्रश्न जास्त खरा वाटतो, पण एका बाबतीत सुजेचं पारडं जड आहे. ज्या काळी शेतकऱ्याच्या घरात रंगीत वस्तू क्वचितच असे, त्या काळी त्याला रोज, फुकट बघायला मिळणारी अख्ख्या गावातली सगळ्यात सुंदर वस्तू म्हणजे चर्च. श्रीमंताच्या वाड्यातलं सोनं त्याच्या वाट्याला कधी आलं नसतं.

गोव्यात मात्र हा युक्तिवाद अडखळतो, कारण तिथल्या पैशाची वाट वेगळी आहे. मसाल्यांचा आणि घोड्यांचा व्यापार होताच. त्याशिवाय १५४० च्या दशकात तिसवाडीतली, म्हणजे जुन्या गोव्याच्या परिसरातली, देवळं पाडली गेली आणि १५४१ मध्ये त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न धर्मप्रसाराच्या संस्थांकडे वळवलं गेलं. १५६० च्या दशकात दक्षिण गोव्यातल्या सासष्टीची पाळी आली. १५६० ते १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडून, गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे धर्माविरुद्धच्या गुन्ह्यांचे खटले चालवणारं 'इन्क्विझिशन', होतं. मंगेश कुट्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून फोंड्याच्या बाजूला हलवली गेली ती याच काळात. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या हातात नव्हता. तेव्हा सकाळी मंगेशी आणि दुपारी जुनं गोवं पाहणारी बस नकळत त्याच इतिहासाचे दोन तुकडे एका तिकिटात दाखवते. काकांचं वाक्य जसंच्या तसं प्रत्येक चर्चला लागू पडत नाही, पण मूळ सल खरा आहे आणि सौंदर्याचं कौतुक करताना तो गिळायची गरज नाही. १८०८ मध्ये गोव्याला आलेला स्कॉटिश धर्मोपदेशक क्लॉडियस बुखानन याने लिहिलं, की हे चर्चांचंच शहर आहे आणि ती उभारायला कित्येक प्रांतांची संपत्ती खर्ची पडलेली दिसते. तो प्रोटेस्टंट, म्हणजे ल्यूथरच्या बंडातून निघालेल्या बाजूचा, धर्मन्यायालयाचा कडवा टीकाकार, आणि तरी दिपलेला.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण हे सोनं चढवणारे हात कुणाचे होते? ख्रिस्ती प्रतिमा ख्रिस्तेतर कारागिरांकडून घडवून घेऊ नयेत असे आदेश गोव्याच्या चर्चने सोळाव्या शतकातच काढले आणि पुढेही काढत राहिलं. जी गोष्ट होतच नाही तिच्यावर पुन्हा पुन्हा बंदी कोण घालतं? स्थानिक सुतार, सोनार, हस्तिदंताचे कारागीर हे काम करत होतेच, आणि आपला हात त्यात सोडून जात होते. गोव्यातल्या कित्येक चर्चमध्ये प्रवचनाच्या लाकडी व्यासपीठाला खालून नागिणींनी तोललेलं आहे. हस्तिदंताचा बाल येशू कित्येकदा डोळे मिटून ध्यानस्थ बसतो. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात अशा वस्तू अगदी जवळून पाहता येतात. बॉम जीझसच्या गर्दीतून निघून तिथे तासभर काढणं जास्त फायद्याचं. बॉम जीझसच्या दर्शनी भागासाठी काळा दगड वसईहून आणला होता, म्हणजे महाराष्ट्राचा वाटाही अगदी दर्शनी.

बॉम जीझसमधल्या झेवियरच्या समाधीवर तर दोन्ही जगं एकावर एक ठेवलेली आहेत. खालचा रंगीत संगमरवरी चौथरा आणि काशाचे देखावे फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवले. तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो मेदिची तिसरा याने ते भेट म्हणून पाठवले आणि १६९८ मध्ये ते इथे जोडले गेले. त्याच्यावरची चांदीची पेटी मात्र साठ वर्षं आधीची, १६३६-३७ ची, गोव्याच्या सोनारांनी घडवलेली. पाहुणे मान वर करून शव कुठे आहे ते शोधतात. नजर पेटीच्या बाजूंवरच्या नक्षीकडे वळली तर खरं काम दिसेल.

कला उलट्या दिशेनेही गेली. फोंड्याच्या कवळ्याची शांतादुर्गा १७३८ मध्ये, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने आजच्या रूपात उभी राहिली. तिचा घुमट, कमानदार खिडक्या, भिंतीवरचे अर्धखांब, आत लटकणारी झुंबरं पाहा. ज्यांनी देवळं पाडली त्यांच्या चर्चचा थाट देवळांनी बिनदिक्कत उचलला आणि आपलासा केला. म्हणून गोव्यातल्या माणसाची प्रतिक्रिया बाहेरच्या पाहुण्यासारखी कोरी नसते. तिथला हिंदू झेवियरला 'गोंयचो सायब' म्हणून नवस बोलतो. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला शिरगावच्या लईराईची बहीण मानतात आणि तिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. चपला कुठे काढायच्या असं विचारणारा चौथा पाहुणा अज्ञानी नाही, तो या जुन्या वहिवाटीतला आहे. ट्रेंटच्या ठरावाला ती चालली असती का, हा भाग वेगळा.

बाहेरून बॉम जीझस लालसर, उघड्या जांभ्या दगडाचं दिसतं आणि पाहुण्यांना ते फार आवडतं, 'किती जुनं, किती अस्सल.' मुळात त्याला चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुरचनाकाराने तो काढला, जुनेपणा दिसावा म्हणून. जांभा पाणी पितो आणि कोकणचा पाऊस कसा असतो ते सांगायला नको. म्हणून गिलावा परत करा अशी मागणी जाणकार करतात. अस्सलपणाची आपली आवडही कधीकधी अशी महागात पडते.

आतल्या सोन्याबद्दल खुद्द चर्चचं मत आता काय आहे? १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पूजाविधीवरच्या दस्तऐवजात सांगितलं, की नुसत्या थाटामाटापेक्षा उदात्त सौंदर्याकडे लक्ष द्यावं. बर्नार्डला हे वाचून बरं वाटलं असतं. मिसा लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत होऊ लागली आणि पाद्री वेदीकडे तोंड करण्याऐवजी लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला. त्यासाठी सोनेरी वेदी तशीच ठेवून तिच्यापुढे एक साधं मेज ठेवलं गेलं. नवी चर्चं काँक्रीटची, मोकळ्या भिंतींची बांधली जाऊ लागली, आणि तक्रारीचा सूर फिरला: हे चर्च वाटतच नाही, सभागृह वाटतं, असं आता भाविकच म्हणतात. बॉम जीझसला मिसाच्या वेळी गेलात तर मागच्या बाकावर शांत बसायला हरकत नाही, फक्त फोटो काढू नका. पाद्री सोन्याकडे पाठ करून मेजाशी उभा असेल, लोक कोंकणीत गात असतील, आणि पर्यटकांची पुढची तुकडी दाराशी थांबवलेली असेल.